परवाचा निकाल, आजचा निकाल

२०२५ च्या जुलैची ३१ तारीख. मगरिबची नमाज उरकून मी टीव्हीसमोर बसलो होतो. मालेगावच्या २००८ च्या स्फोट खटल्याचा निकाल लागला होता आणि दिवसभर तेच चालू होते. सातही आरोपी निर्दोष. इतक्यात फोन वाजला. पलीकडे माझे जुने सहकारी होते. एका शाळेत आम्ही सत्तावीस वर्षे काढली, ते गणिताचे, मी मराठीचा. एरवी त्यांचा फोन तब्येतीपासून सुरू होतो, मग नातवंडे, मग पाऊसपाणी. त्या दिवशी तसे काही नाही. एकदम म्हणाले, "काय सर, परवा कोर्ट बरोबर होतं आणि आज चुकलं, असंच ना?"

मी काहीतरी थातुरमातुर बोललो आणि फोन ठेवला. त्यांचे 'परवा' म्हणजे २१ जुलै. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात बाराही जणांची शिक्षा रद्द केली होती. त्यातल्या पाच जणांना विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. फाशीच्या कैद्यांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात असतानाच मरण पावला, त्याची निर्दोष मुक्तता त्याच्या पश्चात झाली. ही बातमी ऐकून मीच आनंदाच्या भरात सरांना फोन केला होता. "सर, एकोणीस वर्षांनी का होईना, इन्साफ झाला," असे म्हणालो होतो. ते "हो, ऐकलं" एवढेच बोलले होते आणि दारात कुणी आल्याचे सांगून त्यांनी फोन ठेवला होता.

३१ तारखेच्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आठवले. त्यांच्या मंडळींचा धाकटा भाऊ ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी चर्चगेटहून निघालेल्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यात होता. त्या मातीला मी स्वतः गेलो होतो. आणि आनंदाचा फोन करताना मला ते आठवले नव्हते.

हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. सरकारने माणसांच्या हक्कांचे रक्षण केले की नाही, याचा हिशेब आपण कसा मांडतो? कुणाच्या बाजूने उभे राहून मांडतो? आणि तो मांडण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो?

सोपे उत्तर माझ्यापाशी तयार होते, आजही आहे. पहिल्या खटल्यात पुरावा रचलेला होता, दुसऱ्यात तो हातातून निसटू दिला गेला. आपल्या बैठकांमध्ये आपण एकमेकांना हेच सांगतो आणि त्यात तथ्य आहे. गाड्यांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने कबुलीजबाब फेटाळले. ते छळ करून घेतल्याच्या तक्रारीत न्यायालयाला तथ्य दिसले आणि वेगवेगळ्या माणसांचे जबाब एकसारखे असल्याचेही नजरेला आले. शंभरहून अधिक दिवसांनी एखाद्या टॅक्सीवाल्याला एका भाड्याचा चेहरा लख्ख आठवावा, हेही न्यायालयाला पटले नाही. निकालाच्या सुरुवातीलाच न्यायमूर्तींनी म्हटले आहे की, गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की लोकांना फसवे समाधान मिळते, आणि खरा धोका मात्र मोकाटच राहतो. मालेगावच्या खटल्यात तीसहून अधिक साक्षीदार फिरले. सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्येच जाहीरपणे सांगितले होते की, या आरोपींबाबत सौम्य राहा असे आपल्याला तपास यंत्रणेकडून सुचवले गेले. पुढच्याच वर्षी त्या यंत्रणेने पुरवणी आरोपपत्रात काही आरोपींना दोषमुक्त ठरवून टाकले.

तरीही सरांच्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही. ते गणिताचे मास्तर आहेत, पुढची पायरी विचारणारच. २००६ च्या तपासात ज्या दहशतवादविरोधी पथकाने मारून जबाब घेतले असे आपण म्हणतो, त्याच पथकाने २००८ मध्ये मालेगावच्या आरोपींना पकडले. त्यांच्यातल्या काहींनीही कोठडीतल्या मारहाणीची तक्रार केली होती. तेव्हा आपण काय केले? मला माझे आठवते. हेमंत करकरे यांच्या पथकाने त्या अटका केल्या तेव्हा आमच्या मोहल्ल्यात सुटकेचा श्वास सोडल्यासारखे वातावरण होते. चला, निदान एकदा तरी दाढी नसलेली माणसे पकडली गेली. त्या माणसांना कोठडीत कसे वागवले जाते आहे, हे एकानेही विचारले नाही. मीही विचारले नाही. विचारायचे असते, हे सुचलेसुद्धा नाही. करकरे त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मारले गेले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभर कमी झालेला नाही, पण तपास अधिकारी भला असणे आणि कोठडीतल्या आरोपीला विचारणारे कुणी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सरकारकडे पाहू. पहिला निकाल लागताच मुख्यमंत्र्यांनी तो धक्कादायक असल्याचे म्हटले आणि राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला तिथे ठरले की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडायचे नाही. अपील करणे सरकारच्या हक्कातले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या निकालाचे मात्र मुख्यमंत्र्यांनी स्वागत केले आणि दहशतवाद कधी भगवा नव्हता, अशी ग्वाही दिली. म्हणजे सरकारने एका निकालाला दूषण दिले, दुसऱ्याला कवटाळले. आणि आम्ही? आम्ही तेच केले, फक्त तारखा उलट्या. सरांना नेमके हे दिसले होते.

दोन्ही खटल्यांत मेलेल्यांच्या घरी काय उरले, याकडे पाहिले की तारखांचा हा खेळ थांबतो. लोकलमध्ये मेलेल्या १८० हून अधिक माणसांना कुणी मारले, याचे उत्तर नाही. मालेगावात भिक्कू चौकात मेलेल्या सहा जणांना कुणी मारले, याचेही नाही. त्याच मालेगावात त्याआधी, ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी जुम्याच्या नमाजीनंतर कब्रस्तानापाशी स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. पोलिसांनी नऊ मुसलमानांनाच पकडले. बहुतेकांना जामीन मिळायला २०११ उजाडले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले तोवर त्यातला एक जण हयात नव्हता. आरोपीचे हक्क आणि बळीचे हक्क तराजूच्या दोन पारड्यांत असतात, एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते, असे आपल्याला शिकवले गेले आहे. टीव्हीवरच्या चर्चा याच समजावर चालतात. हे तीन खटले पाहिले तर तसे दिसत नाही. जिथे आरोपीला मारून जबाब घेतला, तिथे बळीच्या घरच्यांनाही शेवटी काहीच मिळाले नाही. मारहाणीने पोलिसांना नाव मिळते, खुनी मिळतोच असे नाही.

इंग्रजांना हे ठाऊक होते. त्यांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य नव्हता. स्वतःच नेमलेल्या पोलिसावर परक्या सरकारचा भरवसा नव्हता. तो भरवसा आपल्या स्वतंत्र सरकारांना वाटू लागला. टाडा काँग्रेसच्या राजवटीत आला, १९९९ चा मोक्का महाराष्ट्रात युतीच्या राजवटीत, २००२ चा पोटा वाजपेयी सरकारच्या काळात. तिन्हींत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा जबाब पुरावा ठरला. म्हणून कुणी 'अमुक पक्ष आला की आपले हक्क सुरक्षित' म्हणू लागला की मला परभणीच्या ख्वाजा युनूसची आठवण येते.

हा तरुण इंजिनियर होता. घाटकोपरच्या स्फोटानंतर, २००२ च्या डिसेंबरात त्याला पकडले. २००३ च्या जानेवारीत पोलिसांनी सांगितले की त्याला नेत असताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्याने सांगितले की त्याला पट्ट्याने बेदम मारलेले आणि रक्त ओकताना आपण पाहिले. त्याचा मृतदेह मिळाला नाही. राज्याच्याच गुन्हे अन्वेषण विभागाने चौदा पोलिसांवर बोट ठेवले. सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, आणि सरकारने ती चौघांपुरतीच दिली. तेव्हा सत्तेवर काँग्रेस आणि राष्ट्रवादी होते, ज्यांना आमची मते ठरलेली असत. ज्या स्फोटासाठी त्याला पकडले होते त्या खटल्यातले इतर आरोपी २००५ मध्ये सुटले. त्याची आई परभणीहून मुंबईच्या कोर्टात खेटे घालत राहिली. वीस वर्षे उलटली तेव्हाही त्या चौघांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. मधल्या काळात, २०२० च्या जूनमध्ये, करोनामुळे मनुष्यबळ कमी पडते म्हणून त्या चौघांना पोलीस खात्यात परत घेतले गेले. तेव्हाचे सरकार महाविकास आघाडीचे होते, आणि त्याचेही आमच्यातल्या अनेकांनी मनापासून स्वागत केले होते.

कोणत्याही सरकारचे प्रगतिपुस्तक पाहायचे तर मी आधी या मंजुरीच्या फायली मागवीन. किती जणांना पकडले आणि किती सुटले, हे आकडे नंतर. एखादा माणूस एकोणीस वर्षे आत राहिला आणि निर्दोष सुटला, तर त्या वर्षांचे उत्तर सरकारात कुणी द्यायचे? आपल्या कायद्यात याची सोय नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये अशा माणसांना भरपाई देणारा कायदा करा, असे सुचवले होते. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला पक्की मान्यता आजवर दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळबंदीचे विधेयक मंजूर केले होते, ते पुढे बारगळले. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीचे घ्या. श्रीकृष्ण आयोग १९९६ च्या जानेवारीत गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा नेमला गेला. १९९८ मध्ये अहवाल आला, त्यात ९०० मृत्यू मोजलेले आणि पोलिसांची नावे घेतलेली. १९९९ नंतर सलग पंधरा वर्षे जे सत्तेत होते त्यांनी तो अहवाल उगाळून मते घेतली. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडले, आणि बेपत्ता राहिलेल्यांच्या वारसांना शोधून भरपाई द्या.

सरकारच्या जमेची बाजूही आहे, ती लपवून हिशेब खरा होत नाही. १९९३ मध्ये मानवी हक्क आयोगाचा कायदा झाला. त्याच आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी १९९५ मध्ये खासदारांना पत्र लिहून टाडाला मुदतवाढ देऊ नका म्हटले, आणि टाडा संपला. पोटा २००४ मध्ये रद्द झाला. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. गाड्यांच्या खटल्यातल्या आरोपींनी तुरुंगात बसून या अधिकाराखाली अर्जामागून अर्ज केले, सरकारी दप्तरांतून कागद मिळवले आणि आपल्या बचावाला लावले. सरकारनेच दिलेल्या एका हक्काने सरकारचाच खटला ढिला झाला. ज्या व्यवस्थेत हे घडू शकते तिला मी सरसकट जुलमी म्हणणार नाही.

पण हे हक्क आपोआप चालत आले नाहीत. कुणीतरी ते ओढून आणले. मुंबईच्या दंगलीनंतर सरकारी आयोगाची वाट न पाहता दोन निवृत्त न्यायमूर्तींनी लोकांच्या साक्षी घेतल्या आणि १९९३ मध्येच अहवाल दिला. एक न्यायमूर्ती दाऊद, दुसरे न्यायमूर्ती सुरेश. शाहिद आझमी टाडाखाली तुरुंगात गेलेला पोरगा, सुटून वकील झाला, नाकारलेल्यांचे खटले लढू लागला आणि ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात स्वतःच्या कचेरीत गोळ्या घालून मारला गेला. नागरी समाज हा शब्द पुस्तकी वाटतो. माझ्या लेखी त्याचा अर्थ ही अशी माणसे, त्यांची कचेरी, त्यांचे टाइप केलेले अहवाल, आणि वर्गणी गोळा करून आणलेले झेरॉक्सचे पैसे.

म्हणूनच त्याच जुलै महिन्यातली तिसरी गोष्ट मला दोन्ही निकालांइतकीच महत्त्वाची वाटते. १० आणि ११ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. या विधेयकाने सरकारला एखादी संघटना बेकायदा ठरवता येते, तिची जागा आणि पैसा ताब्यात घेता येतो, आणि गुन्हे अजामीनपात्र आहेत. कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणे हेही बेकायदा कृत्यांच्या व्याख्येत बसते. या व्याख्येत १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह सहज मावेल. जुम्यानंतर मशिदीच्या पायरीवर मी हा विषय काढला तेव्हा एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "छोडो मास्टरसाब, वो नक्सलवालों के लिए है." टाडाही पंजाबसाठी आणला होता. १९९४ पर्यंत त्याखाली ७६ हजारांवर माणसे धरली गेली होती, आणि जिथे बंडखोरी नव्हती त्या गुजरातेत एकोणीस हजारांच्या आसपास.

फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला मुंबईत कोठडीतच गेले. वय ८४. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी प्यायला नळी असलेला पेला हवा, असा अर्ज त्यांना न्यायालयात करावा लागला. आमच्या गावात त्यांच्यासाठी शोकसभा झाली नाही. ते आमच्यातले नव्हते. इथे मला आपल्याच घरातले एक जुने दुखणे आठवते. हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन विधान भवनावर गेले. त्यांचे म्हणणे पटो न पटो, ते म्हणण्याचा त्यांना हक्क होता, आणि त्या हक्कासाठी आमच्या वाडवडिलांतले किती उभे राहिले? त्यांच्या सभा उधळण्यात मात्र माणसे कमी पडली नाहीत. सरकारकडे स्वातंत्र्य मागणाऱ्या समाजाने आतल्या बंडखोराला ते नाकारले की त्याची मागणी पोकळ होते. माझ्या पिढीने हे उशिरा मान्य केले, आणि अजूनही हळू आवाजात.

सूरह अन्-निसामध्ये सांगितले आहे की स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, आप्तांविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली तरी न्यायावर ठाम राहा. सूरह अल्-माइदामध्ये बजावले आहे की एखाद्या समूहाच्या वैरापायी न्याय सोडू नका. जलशांतल्या वाज़मध्ये सरकारला सुनवायला आम्ही या आयती वापरतो. त्या ऐकणाऱ्यालाही लागू आहेत, हे मला एका गणिताच्या मास्तराच्या फोनमुळे पटले. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितले होते की संविधानाची नैतिकता उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते. मला वाटायचे, हे सरकारला उद्देशून आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस सरांकडे गेलो. बरेच दिवस टाळले होते. बसल्या बसल्या मी सांगून टाकले, "सर, त्या दिवशी फोन करताना मला आठवलं नाही. माझं चुकलं." ते काही बोलले नाहीत. वहिनींनी कपाटातून एक जुनी प्लास्टिकची पिशवी आणली. आत पहिल्या वर्गाचा पास होता, एका कडेने जळालेला. मी तो कधी पाहिला नव्हता.

"बारा जण सुटले त्याचं मला वाईट नाही," सर म्हणाले. "त्यांनी केलं नसेल तर सुटायलाच हवे होते. पण मग एकोणीस वर्षं आम्हाला काय सांगत होते हे लोक?"

मी मान हलवली. वहिनींनी चहा आणला, माझ्यासाठी बिनसाखरेचा. मग म्हणाल्या, "ते टीव्हीवर मालेगावचे दाखवत होते ना, मुलगा गेला त्यांचा. त्यांचं काय झालं पुढे?"

"हायकोर्टात गेलेत," मी म्हणालो. "घरच्यांनी मिळून अपील केलंय."

"वकिलाचा खर्च कोण करतं त्यांचा?" वहिनींनी विचारले.